कनेक्शन कोण तोडतं?

दोघं एकाच ऑफिसात. वरच्या मजल्यावर बायकोचं सर्व्हरचं कनेक्शन सारखं तुटायचं आणि तो नेटवर्कवाला लगेच तिच्या खुर्चीला खेटून हजर! खाली स्टोअरमध्ये नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग तो गुपचूप तिच्या पासवर्डनं सर्व्हरवर शिरायचा, तिचे मेसेज उपसायचा. काही सापडायचं नाही, त्यामुळे आणखीच जळायचा.

आज वरून दोघांचं हसणं ऐकू आलं आणि तो तरातरा जिना चढला.

“काय हो, हिचंच कनेक्शन बरं तुटतं सारखं?”

“तेच सापडलं आत्ता. लाईन ठणठणीत आहे. खालून कुणीतरी वहिनींच्या पासवर्डनं आत शिरतं, की ह्या बाहेर फेकल्या जातात. मग मला बोलावतात.”

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं.

“पासवर्ड मी एकाच माणसाला सांगितला होता.”