शेवटची ओंजळ

वासुदेवच्या पत्राला नरसिंहरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज शहराबाहेर बोम्मसंद्र्याला, काटेरी तारेच्या कारखान्याच्या फाटकासमोर मांडी घालून बसल्यावर त्यांना नेमकं तेच पत्र आठवत होतं.

वासुदेव कॉलेजच्या ग्रंथालयातला त्यांचा जुना सोबती. निवृत्तीनंतर तो पूर्वेकडच्या सीमेवर एका आश्रमात राहायला गेला. तिथं कुंपण दरवर्षी उंच होत होतं, चौक्या वाढत होत्या, बंदुका वाढत होत्या. पोटासाठी पलीकडून येणारी माणसं तारेत अडकून, नदीत बुडून मरत होती. प्रेतं आश्रमवाले उचलत. वासुदेवनं लिहिलं होतं, ‘यांची नावं कळत नाहीत, गोत्र कळत नाही, धर्मसुद्धा कळत नाही. भटजी म्हणतात, श्राद्धाला रक्ताचं माणूस लागतं. तू एवढं वाचलंयस. परक्यांनी केलेलं यांना पोचतं का, तेवढं सांग.’

नरसिंहरावांनी पोथ्या काढल्या. एकीत होकार सापडला, की दुसरीत शंका सापडे. दुसरीत नसली, तर ते स्वतः काढत. टिपणांची चळत वाढत गेली, उत्तर मात्र लिहून होईना.

आज सर्वपित्री अमावास्या. शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्कांच्या भजनी मंडळानं ठरवलं होतं, की तार इथूनच सीमेवर जाते, तर त्या मेलेल्यांना पाणीही इथंच सोडायचं. मालकाला ऐकू जाऊ दे. चर्चच्या दोन सिस्टर यायला तयार झाल्या, एक मौलवीही. मंत्र सांगायला माणूस हवा म्हणून अक्का सकाळीच नरसिंहरावांच्या दारात हजर. त्यांनी घसा बसल्याचं कारण पुढे केलं.

“पुस्तकाला वाळवी लागते अण्णा, तशी विद्येलाही लागते,” अक्का म्हणाल्या. “आवाज आमच्या बायकांकडे रगड आहे. तुम्ही नुसते ओठ हलवा. चला.”

आता फाटकाच्या आत तारेची भेंडोळी भरलेला ट्रक घुरघुरत उभा होता. बाहेर रस्त्यावर ही मंडळी, मधे पाण्याची कळशी आणि वाटीत काळे तीळ. कारखान्यातून फोन गेला असावा. पोलिसांची गाडी आली.

इन्स्पेक्टर कन्नडमध्ये बोलत होता आणि आवाज चढवत नव्हता. आंदोलनाला शहरात फ्रीडम पार्क आहे, तिथं जा, असं त्यानं सांगितलं. अक्कांनी सांगितलं, की हे आंदोलन आहेच, पण सीमेवर मेलेल्यांचं श्राद्धही आहे; ते झालं की आम्ही आपणहून तुमच्या गाडीत बसतो. त्यावर तो हसला.

“श्राद्ध घरच्यांनी करायचं असतं, अक्का. तुम्ही यांचे कोण?”

कुणाला कधी हार न जाणाऱ्या अक्का नरसिंहरावांकडे वळल्या. सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाहिलं. माणसांनी पाहिलं की नरसिंहराव खाली पाहत. त्यांनी खाली पाहिलं, आणि समोर इन्स्पेक्टरचा हात दिसला. घड्याळाच्या पट्ट्याला एक काळा तीळ चिकटलेला होता.

“साहेब, सकाळी तर्पण झालं वाटतं?” त्यांनी विचारलं.

इन्स्पेक्टर चपापला. “झालं. वडील, आजोबा, पणजोबा. का?”

“आणि शेवटची ओंजळ कोणाला दिलीत?”

ती ओंजळ घरोघरी देतात. ज्यांना आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, पाणी द्यायला मागे कोणीच उरलेलं नाही, त्यांना. भटजी सांगतात, यजमान सोडतो. ते कोण, असं कोणी विचारत नाही. वडील गेल्यापासून नरसिंहरावांनीही ती दरवर्षी दिली होती, आणि दोन वर्षं पोथ्या मात्र भलत्याच चाळल्या होत्या.

“ज्यांचं कोणी नाही, त्यांना,” इन्स्पेक्टर म्हणाला.

“तेच हे. आम्ही यांचे कोण, असं विचारलंत. साहेब, सकाळपासून तुम्हीही यांचेच आहात.”

इन्स्पेक्टरनं पट्ट्यावरचा तीळ पाहिला. मग हात वर करून त्यानं ड्रायव्हरला ट्रकचं इंजिन बंद करायला लावलं. जरा लवकर आटपा, तो म्हणाला. नंतर तुम्हाला ठाण्यावर न्यावंच लागेल, ती माझी नोकरी आहे. नरसिंहरावांनी मान डोलावली. त्यांनी तीळ हातात घेतले आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. बायका सूर धरायला तयार होत्या, पण कोणी तोंड उघडलं नाही. गरजच पडली नाही. सिस्टरांनी क्रूसाची खूण केली, मौलवींनी दुवेसाठी हात उचलले. ड्रायव्हर खाली उतरून फाटकाशी उभा राहिला. पाणी सोडून झाल्यावर सगळे उठले आणि ओळीनं पोलिसांच्या गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी ठाण्यावरून सुटका झाली. अक्का रिक्षा ठरवत होत्या. नरसिंहराव कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी थांबले आणि खिशातल्या पोस्टकार्डावर त्यांनी एकही दाखला न देता लिहिलं, ‘वासुदेवा, परक्यांनी केलेलं पोचतं की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही. आपण परके नाही.’

कार्ड पेटीत पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला, आणि ते रिक्षाकडे वळले.