दादाचं कौतुक

माझा दादा गणितात डॉक्टर झाला, त्याची पुस्तकं कॉलेजांत लागली आणि यंदा तो खोपोलीला प्राचार्य झाला. मी सहदेव, पळसदरीला भात पिकवतो आणि आईला सांभाळतो. पण आईच्या तोंडी बारा महिने दादाच. माझा बांध जरा वाकडा झाला की म्हणते, "तुझ्या दादानं सरळ घातला असता रं."

परवा शेजारीण सहज म्हणाली, "सहदेवानं काय शेत राखलंय!" तर आईनं तिलाच गप्प केलं. "पोराच्या तोंडावर नको बोलू गं, दृष्ट लागते."

म्हणजे परक्यानं केलेलं माझं कौतुकही हिला सोसत नाय!

दादाच्या सत्काराला मी धुसफुसतच गेलो. हार गळ्यात घेऊन तो थेट माझ्याकडे आला. वाटलं, आता हा मिरवणार.



"आलास?" तो तोंड वाकडं करून म्हणाला. "एवढी पुस्तकं लिहिली रं मी. प्राचार्य झालो म्हणून सांगायला आईला फोन केला, तर मला म्हणते, 'आमच्या सहदेवाचा एक तरी गुण घे!'"