डावी बाही

बबिता गेल्याचा फोन दिंद्रुडच्या शाळेत आला, तेव्हा राजनंदिनीच्या डाव्या बाहीला सुई तशीच लटकत होती.

फोन धुळाजी सरांचा होता. गावोगाव फिरणारं हे पोरापोरींचं कलापथक त्यांचंच. बबिता पोरींना सजवायची आणि तिचा नवरा आश्रुबा सगळ्यांना टेम्पोतून न्यायचा. दुपारी तिच्या छातीत कळ आली, तेव्हा आश्रुबा पंक्चर काढायला फाट्यावर गेला होता. सरांनी वाट पाहिली नाही. गावातली जीप केली आणि तिला माजलगावला दवाखान्यात नेलं. आश्रुबा परत आला, पोरांनी सांगितलं, आणि तो टेम्पो वळवतच होता, एवढ्यात फोन वाजला.

"आश्रुबा, गाडी दमानं आण," सर म्हणाले. "आता घाई करू नको."

त्यावरून त्याला कळलं.

मैदानात मांडव घातलेला होता. लोक येऊन बसू लागले होते. हेडमास्तरांनी माईकवर प्रयोग रद्द झाल्याचं सांगितलं. पोरं गुपचूप सामान भरू लागली. नाटकात नवरदेव होणाऱ्या प्रविणनं सवयीनं ढोलकी पुढच्या सीटवर ठेवली. ती बबिताची जागा. लक्षात आल्यावर त्यानं ढोलकी उचलली आणि मागं नेली.

मग तो आश्रुबाजवळ आला. "मामा, नंदी उठंना. हातबी लावू देईना."

राजनंदिनी वर्गात बाकावर बसली होती. अंगावर हळदीचं लुगडं होतं. नाटकात ती शाळा सोडून लग्नाला उभी केलेली पोर. ते काम खरं तर संस्कृती नावाच्या पोरीचं, पण ती परीक्षेमुळं या दौऱ्याला आली नव्हती. तिचा झंपर राजनंदिनीला ढगळ होत होता, म्हणून बबिता रोज तो तिच्या अंगावरच शिवून द्यायची आणि प्रयोग झाला की टाके उसवायची. उजवी बाही शिवून झाली होती. डावी अर्धी. राजनंदिनी डावा हात अंगापासून लांब धरून बसली होती.

"चल पोरी. निघायचंय."

"मामी म्हणल्या, हलू नको, आत्ता आले."

आश्रुबा दोन पावलं आत आला.

"मामा, मी हसले."

"कवा?"

"मामी टाके घालत व्हत्या तवा. ह्या प्रविण्यानं मुंडावळ्या बांधून तोंड वाकडं केलं. मला लई हसू आलं. तोंडातला दोरा पडला." तिचा आवाज बारीक झाला. "मामींनी उचलून पुन्हा दिला. पण पडला व्हता."

आश्रुबा समोरच्या बाकावर बसला. अंगावरचं कापड शिवताना पोरीनं दातात दोरा धरायचा, हा बबिताचा नियम. धरला नाही तर शिवणाराचं आयुष्य उसवतं, असं ती सांगायची. दोरा दातात आला की पोरी गप्प बसायच्या. बाही पुरी झाली की ती टाका तोडायची आणि म्हणायची, "हं, सोड." मग सगळ्याजणी एकदम बोलायला लागायच्या.

"ते खोटं हाय," आश्रुबा म्हणाला.

राजनंदिनीनं त्याच्याकडं पाहिलं.

"तिनंच काढलेलं. चौसाळ्याला जाताना मला टेम्पोत सांगितलं. म्हणली, कारट्या एका जागी बसत न्हाईत, सुई टोचंल कुठं तरी, म्हणून दिली एक भीती घालून. लई हसली व्हती."

"तुमी मला बरं वाटावं म्हणून सांगायलात."

"न्हाई गं."

"मग खा शप्पथ."

"तुज्या मामीची श..."

तो तिथंच थांबला. आजवर त्यानं दुसऱ्या कुणाची शपथ खाल्लीच नव्हती. तो खोटं बोलतोय असं वाटलं की बबिता म्हणायची, माझी शप्पथ खा बघू. आता कुणाची खायची, ते त्याला सुचेना.

दारात प्रविण उभा होता. त्याच्या कपाळावरच्या मुंडावळ्या कुणी तरी काढल्या होत्या, पण बांधल्याची खूण राहिली होती.

आश्रुबानं लटकती सुई हातात घेतली. बबिताचं रीळ बाकावरच होतं. त्यानं त्यातला वीतभर दोरा तोडला आणि राजनंदिनीसमोर धरला.

"धर."

"तुमी तर म्हणलात, खोटं हाय."

"हाय खोटं. तरी धर."

तिनं दोरा दातात धरला. आश्रुबानं एक टाका घातला. त्यानं आजवर फक्त पोती शिवली होती. बबिताचे टाके बारीक होते, एका ओळीत. त्याचा तिरपा पडला. दुसराही तिरपाच पडला. पोरगी हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

तिसऱ्या टाक्याला फोन वाजला. सरांचाच. बबिताला आता घरी न्यायचं होतं.

मधेच कुणी हाक मारली की बबिता सुई कापडातच खोचून ठेवायची. आश्रुबानंही ती बाहीत खोचली आणि उठला. राजनंदिनी त्याच्या मागं चालत आली आणि टेम्पोत पोरींमध्ये जाऊन बसली. पुढची सीट मोकळी राहिली.

माजलगाव येईपर्यंत टेम्पोत कुणी बोललं नाही. दवाखान्याच्या फाटकाशी आश्रुबानं मागचं फळकं पाडलं. पोरं एकेक करून उतरली. राजनंदिनी शेवटी उतरली. दोरा अजून तिच्या दातात होता. ती आश्रुबाकडं पाहत उभी राहिली.

तो आत गेला.

बाही अर्धीच राहिली. 'सोड' म्हणायचंही राहिलं.