गेरूच्या अकरा रेघा

“वीस खाडे,” अप्पाराव म्हणाला आणि शंभर रुपये त्याने ओसरीच्या कडेला, भिवाच्या पुढ्यात ठेवले. “बद्रीनाथसमोर कबूल कर अन् उचल.”

भिवाने नोटांना हात लावला नाही. त्याने कमरेची सुतळी सोडली आणि तिच्या गाठी एकेक करून दाखवल्या. “माझे नऊ हाईत, मालक.”

पाडव्याची सकाळ होती. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच फिटतं. वर्षात कामाचा जो दिवस बुडेल तो खाडा, आणि खाड्यामागे चार रुपये कापायचे. अप्पाराव वही वगैरे ठेवत नसे. खाडा झाला की गोठ्याच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची, पाडव्याला रेघा मोजून राहिलेले पैसे द्यायचे, आणि मग भिंत सारवून पुढच्या सालाला मोकळी करायची, एवढी सोपी त्याची कचेरी. पण यंदा भिवा पुढचं साल धरणार नव्हता. सहा वर्षांनी तो कुंभार पिंपळगाव सोडून जालन्याला निघाला होता, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात. खोली बघून ठेवली होती. खोलीवाल्याला आजच एकशे वीस रुपये आगाऊ हवे होते. त्याची बायको झुंबरबाई बोचकं आणि दोन लेकरं घेऊन सकाळपासून एस.टी.च्या थांब्यावर बसली होती.

मधल्या अकरा खाड्यांचे चव्वेचाळीस रुपये अप्पारावच्या बंडीच्या खिशात होते. तेवढ्याने तो काही श्रीमंत होणार नव्हता. पण त्याच्या मनाला लागलं होतं, आणि मनाला लागलं की अप्पाराव पै न पै मोजायचा.

“भादव्यात मी मुदतीच्या तापानं जालन्याच्या दवाखान्यात पडलो,” तो बद्रीनाथला म्हणाला. बद्रीनाथ गावातला किराणा दुकानदार. हिशेबाला साक्षीदार म्हणून त्याला बोलावलं होतं. “बायको माझ्या उशाशी. घरी माय एकटी. अन् तेवढ्यात यानं अकरा खाडे केले. मी तिकडं मरून राह्यलो, अन् हा इकडं मजा करून राह्यला.”

“त्या टायमाला म्या एक दिस बुडवला न्हाई.”

“मंग माय खोटी का? रेघा तिच्या हातच्या हाईत. मी नव्हतो तवा तिनंच खाडे मांडले.”

अप्पारावची म्हातारी माय, तुळजाबाई, पौषात गेली. तिला आता विचारायची सोय नव्हती. बद्रीनाथ खाली बघून म्हणाला, “कबूल करून टाक, भिवा. गाडी जाईल तुझी.”

शंभर रुपये समोर होते. वरचे वीस कुणाकडून तरी उसने मिळाले असते. पण मालक मरणाच्या दारात असताना आपण काम टाकून हिंडलो, हे तोंडाने म्हणायचं होतं. ते भिवाच्या तोंडून निघेना. त्याला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाच राग आला.

“एकदा भिंत पाहू द्या,” तो म्हणाला.

तिघे गोठ्यात गेले. अप्पारावची बायको गिरिजाबाई शेणकाल्याची बादली घेऊन तिथे थांबली होती. हिशेब मिटला की ती सारवायला घेणार होती.

अप्पारावच्या छातीइतक्या उंचीवर कोळशाच्या नऊ रेघा होत्या. त्यांच्याबद्दल कुणाचं म्हणणं नव्हतं. पार खाली, गव्हाणीजवळ, गेरूच्या अकरा रेघा होत्या, वाकड्यातिकड्या. पोळ्याला बैल रंगवून उरलेला गेरू बाजूलाच एका करवंटीत वाळून गेला होता.

भिवा त्या रेघांसमोर उकिडवा बसला. उठला तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“मालक, हे खाडे माझे न्हाईत,” तो म्हणाला. “तुमचे हाईत.”

“माझे?”

“अकरा दिस तुम्ही घरी नव्हता. मी सकाळी बैलं सोडाया आलो की मोठी आई, तुमची माय, इथं येऊन बसलेली असायची. एक रेघ काढायची अन् मला इचारायची.”

दवाखान्यात आपण किती दिवस होतो, हे अप्पारावने कधी मोजलं नव्हतं. परत आला तेव्हा माय दारात उभी होती. “आलास,” एवढंच म्हणाली होती आणि पाणी आणायला आत गेली होती.

तो ओसरीवर जाऊन शंभर रुपये घेऊन आला. खिशातले चव्वेचाळीस त्यात घातले. सगळे पैसे त्याने भिवाच्या हातात दिले आणि भिवाचा हात लगेच सोडला नाही.

“काय इचारायची?”

“‘भिवा, आज तरी येईल का रं माझा आप्पा?’”

बद्रीनाथ उगाच खाकरला. थांब्याकडून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. भिवाने पैसे धोतराच्या सोग्यात बांधले, वाकून नमस्कार केला आणि झपाझप निघाला. हिशेब मिटला होता. गिरिजाबाईने बादलीत हात बुडवला आणि ती भिंतीकडे वळली.

“तेवढ्या रेघा सोडून सारव,” अप्पाराव म्हणाला.