मोरचुदाचा चोर

“मोरचूद विकून खाल्लंस न्हवं? बोल!”

आप्पासो पाटलांनी नवी जस्ती बादली बायडाबाईपुढं दाणकन आदळली. काल सांजेला त्यांनी स्वतः मोजून तिला मोरचूद दिलं होतं, रात्रभर भिजवून द्राक्षावर फवारायला. भिजलं की पाणी निळंशार व्हायला हवं. सकाळी बघतात तर फिकं. पंधरवड्यात दुसऱ्यांदा. पानांवर केवडा रोग पसरला होता, अर्धी बाग हातची गेली होती. सगळे गडी बांधावर उभे राहून तमाशा बघत होते.

“लेक सांगलीला कालिजात कसा शिकतोय, कळलं आता!”

त्या लेकाची, केरूची, कानशिलं तापली. सुट्टीला आला होता तो. आईची भाकरी घेऊन मळ्यात आलेला. केरूची नजर बादलीवर खिळली. इलेक्ट्रोड पोटेन्शियलचा तक्ता डोळ्यांपुढं आला. जस्त उणे ०.७६, तांबं अधिक ०.३४. बरोबर आठवतंय ना? चुकलो तर आई जन्माची चोर.

“आप्पासो, पाणी वता,” तो पुढं होऊन म्हणाला. “तळाला तांबडा गाळ निघंल. न्हाई निघाला तर मला बी चोर म्हणा.”

“जोतिषी झालास व्हय रं?” आप्पासोंनी हसत बादली लवंडली.

तळाला, कडांना तांबूस गाळ धरला होता. केरूनं चिमूटभर दगडावर घासला. तांबं चकाकलं.

“हे तुमचं मोरचूद! जस्तानं इलेक्ट्रॉन दिले, त्याचं ऑक्सिडीकरण झालं. मोरचुदातल्या तांब्यानं ते घेतले, त्याचं क्षपण. जस्त पाण्यात गेलं, तांबं तळाला बसलं. पाण्यात औषधच उरलं न्हाई, तर केवडा मरंल कशानं? चोर माझी आई न्हाई. ही बादली हाय!”

बांधावर चुळबुळ झाली. गेल्या सालापर्यंत फवारणी करणारा ज्ञानू पुटपुटला, “आमी मातीच्या रांजणात भिजवायचो गड्या. तवा कवा असं झालं न्हाई.”

“मातीत व्हायचंच न्हाई. मग रांजण का सोडला?” केरूनं विचारलं.

आप्पासोंनी तोंड फिरवलं. ज्ञानू अंगठ्यानं माती उकरू लागला.

बायडाबाईनं मान वर केली.

“यंदापास्नं ह्या कामाला मी आले, लेका. मातीच्या भांड्याला आमचा हात लागला की ते बाटतं, फोडावं लागतं. बादली राखंनं घासली की चालती.”