एकाच मशीनची परवानगी

"एकाच मशीनला हात लावायचा," काकांनी बजावलं. "दुसरं आहे तसं राहिलं पाहिजे."

"एकाच," पुतणीने शब्द दिला आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला.

काका-काकूंच्या छपाईच्या ऑफिसात दोनच कॉम्प्युटर होते, जुळ्या भावंडांसारखे. एकाच दिवशी आणलेले, एकाच टेबलावर बसलेले, एकाच वेगाने म्हातारे झालेले. एकावर काका मुद्रितं तपासत, दुसऱ्यावर काकू पुस्तकांची पानं लावी. पानं लावायचं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांचं होतं. त्यातलं बटण न् बटण काकूला डोळे मिटून सापडे.

काकांना दोन्ही मशीनं भंगारात काढून नवी कोरी आणायची होती. नव्यांवर ते सॉफ्टवेअर चालणार नव्हतं. पुन्हा श्रीगणेशा करण्यापेक्षा मी घरी बसते, असं काकूने सांगून टाकलं होतं, आणि काकू उगाच बोलणाऱ्यातली नव्हती.

पुतणीचं म्हणणं, मशीनं धडधाकट आहेत, आतली सिस्टीम तेवढी जड झालीय. लिनक्स टाकू. हलकी आहे, फुकट आहे, आणि काकूचं सॉफ्टवेअर तिच्यावरही जसंच्या तसं चालतं. घरी करून पाहिलंय.

काकांना 'फुकट' या शब्दाचाच संशय. आठ दिवस बघू म्हणाले, नाही जमलं तर भंगारवाला आहेच.

रविवारी काका दाढ दाखवायला गेले. पुतणीने आधी दोन्ही पडद्यांचे फोटो काढले, म्हणजे सगळ्या खुणा जिथल्या तिथे ठेवता येतील. काकू दारात उभी राहिली. काका गाल धरून परतले तोवर काम उरकलं होतं.

एरवी काकांचं मशीन सुरू होईस्तोवर त्यांचा चहा, पेपर आणि शेजारच्या शिंप्याशी एक वाद होऊन जाई. सोमवारी ते चहा ओतायच्या आत उघडलं.

"घाबरलंय," काका म्हणाले. "शेजारणीचं काय झालं ते बघितलंय ना त्याने."

शेजारीण, म्हणजे काकूचं मशीन, सकाळभर घरघरत बसलं. मंगळवारी अडकलं. बुधवारी दोनदा. काकांनी प्रत्येक वेळ कॅलेंडरवर टिपून ठेवली. येईल त्या गिऱ्हाइकाला ते काकूच्या टेबलापाशी नेत आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तशा आवाजात सांगत, की ही नवी सिस्टीम बरं का. मग स्वतःच्या मशीनवर चुटकीसरशी एक पान उघडून दाखवत. शिंप्याला तर दोनदा दाखवून झालं. गुरुवारी त्यांना पडद्यावरची कचऱ्याची टोपली जराशी जाड वाटली. त्यांनी चष्मा पुसला.

काकूने एका शब्दाने तक्रार केली नाही. पुतणी शाळेतून आली की दोघी एकमेकींकडे न बघता बिस्किटं खात.

आठव्या दिवशी काकांनी शर्यत लावली. तेच सॉफ्टवेअर, तेच तीनशे पानांचं पुस्तक, दोन्हीकडे एकदम उघडायचं. काका शेवटच्या पानावर पोचून परत पहिल्यावर आले. काकूच्या पडद्यावर अजून गोल फिरत होतं.

"मग काढायची दोन्ही भंगारात?" काकूने विचारलं.

"काय म्हणून? माझं घोड्यासारखं धावतंय. तुझ्यावरही हेच टाकून घे."

"हेच म्हणजे?"

"जे माझ्यावर आहे ते. डिट्टो."

पुतणी म्हणाली, नंतर शब्द फिरवाल, लिहून द्या. काकांनी एका बाद मुद्रिताच्या पाठीवर झोकात लिहिलं, 'दोन्ही मशीनांवर माझ्या मशीनवरचीच सिस्टीम राहील. कायमची. नवी मशीनं घेणार नाही.' खाली सही, तारीख. साक्षीदार म्हणून शिंपी.

काकूने कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि खुर्ची सोडून उभी राहिली.

पुतणी तिच्या जागी बसली. तिने खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि काकूच्या मशीनला पहिल्यांदाच लावला.