सावलीत वाळवलेला पाला

अगं, तू आधी फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. आमच्या लॅबमधली चष्मिस माहितीये ना, पाल्यातली जीवनसत्त्वं मोजते ती? तिचे बाबा आज थेट तिच्या टेबलापाशी आले. हातात घट्ट झाकणाची बरणी, आत हिरवीगार पूड.

"काय शास्त्रज्ञ बाई, झालं का तपासून? परवा नमुना दिला होता."

शेवग्याचा पाला. दारातल्याच झाडाचा. चष्मिसची आई रोज दोन चमचे खायची. "बकरी केलीत माझी," म्हणायची आणि तोंड वाकडं करून गिळायची. मागच्या महिन्यात गेली ती. हृदयाची झडप बदललेली होती, तिच्यावरच रक्ताची गुठळी झाली. रक्त पातळ ठेवायची गोळी कधी चुकली नव्हती, बाबा स्वतःच्या हाताने द्यायचे. गोळी वाढवली, तरी तपासणीत रक्त घट्टच. का, ते कुणालाच कळेना. पाल्याचं डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाला म्हणजे काय औषध थोडंच?

"सांग की, काय काय निघालं?"

ती संगणकाच्या पडद्याकडे बघत सांगू लागली. प्रथिनं भरपूर. लोह, कॅल्शियम. 'अ' जीवनसत्त्व तर विचारूच नका. बाबा प्रत्येक नावाला मान हलवत होते, पोरीचे मार्क ऐकावेत तसे.

मग ती अडकली. पुढे होतं 'के'. भरमसाट. आणि 'के' नेमकं त्या गोळीच्या उलट काम करतं गं, गोळीचं काही चालूच देत नाही.

"थांबलीस का?"

"झालं. एवढंच."

"तूच म्हणाली होतीस ना, उन्हात घालू नका, सावलीत वाळवा, म्हणजे सगळं टिकतं? एक पान उन्हाला लागू दिलं नाही मी. तुझ्या आईसाठी आपल्याकडून काही कमी पडायला नको." त्यांनी शर्टाच्या टोकाने बरणी पुसली. "ही आता तुझ्या आत्याला. तिचीही झडप बदलली ना. गोळीसुद्धा तीच दिलीय."

चष्मिसने बरणी जवळजवळ हिसकावलीच. "आत्याला नको. मला द्या. मी खाते."

बाबांचा चेहरा असा उजळला, अगं, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. "तू? तू खाणार? वासानेच पळायचीस की!" ते निघालेच. "मग ही तुलाच राहू दे. आत्यासाठी आज ताजा पाला काढतो."

ते दाराशी पोचले. चष्मिस बरणी छातीशी धरून उभी, तोंड उघडतंय आणि मिटतंय.

तू असतीस तर, खरं सांग, हाक मारली असतीस?